पाखरांचा डबा आणि रुखवताच्या कुरडया

एका गावात एक भोळा गडी राहत होता, त्याचं नाव गेनबा. भोळा म्हणजे किती भोळा, ते आधीच सांगते, म्हणजे मागाहून कुणी मला खोटारडी म्हणायला नको. एकदा बाजारात एक जण त्याला म्हणाला, "जरा म्हैस धर, आलोच मी." आणि गप्पांच्या नादात तो बाबा विसरून घरी गेला. गेनबा म्हैस धरून उभा राहिला. बाजार उठला. अंधार पडला. सकाळी झाडणारी बाई आली, तेव्हाही हा तिथंच.

ती म्हणाली, "अरे, घरी जायचं न्हाय का?"

गेनबा म्हणाला, "त्यो 'आलोच' म्हणालाय. यील की."

तर असा गेनबा. अंगानं धट्टाकट्टा, मनानं मऊ आणि शब्दाचा पक्का. सांगाल ते करणार. सांगाल तेवढंच करणार. आणि सांगितलेलं कधी विसरणार नाही. हसू नका, खरी अडचण तीच होती.

त्याची बायको चांगुणा. बाई तिखट, पण कामाला वाघीण. त्या उन्हाळ्यात चांगुणाच्या धाकट्या भावाच्या मुलीचं, रखमीचं लग्न ठरलं. रुखवतातल्या कुरडया आत्यानं करायच्या असं ठरलं. आता रुखवत म्हणजे सगळा मांडव येऊन बघणार, वरमाय उचलून बघणार, शेजारणी नाकं मुरडायला टपलेल्या. त्यात चांगुणाची भावजय हौसा गोड हसून म्हणाली, "जमंल न्हवं, वन्सं? न्हाय तर बाजारातनं आणू की. आजकाल समदं मिळतंय."

झालं! चांगुणाच्या अंगाचा नुसता तिळपापड. घरी येईपर्यंत तिनं पाच वेळा पदर खोचला आणि पाच वेळा सोडला. म्हणाली, "आत्या जित्ती असताना रुखवतात बाजारच्या कुरडया? बघतेच मी."

तिनं गहू भिजत घातले, वाटले, चीक काढला, शिजवला. सोऱ्या दाबून दाबून हाताला फोड आले. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, गेनबाचं धुतलेलं धोतर अंथरून त्यावर कुरडया घातल्या. पांढऱ्याशुभ्र, सुतासारख्या बारीक. बघत राहावं अशा.

पण चिमण्यांनाही बघत राहाव्याशा वाटल्या. त्या सगळ्या वळचणीला येऊन बसल्या.

चांगुणा गेनबाला म्हणाली, "मी नदीवर धुणं धुऊन येते. तुमी हितं बसा आन् पाखरांवर लक्ष ठेवा."

"ठेवतो," गेनबा म्हणाला.

चांगुणा परत आली तर एक अख्खी ओळ गायब. नुसता भुगा पडलेला. गेनबा मांडी घालून शेजारीच बसलेला, डोळे ताणून ताणून लाल झालेले.

"अवं, कुरडया कुटं गेल्या?"

"चिमण्यांनी खाल्ल्या."

"आन् तुमी काय करत हुता?"

"लक्ष ठेवत हुतो. एक बी नजरंतनं सुटली न्हाय बघ. ती शेपूट तुटकी चिमणी लई हावरट हाय."

चांगुणानं कपाळावर हात मारला. "अवं, नुसतं बघत काय बसायचं? कुरडयांपाशी कुणी आलं की वरडायचं, काठी आपटायची, पळवून लावायचं!"

"असं व्हय!" गेनबा म्हणाला. "आधी न्हाय का सांगायचं? आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी चांगुणाचा भाऊ महादू आला. नवरीचा बाप तो, त्याला कौतुक. आल्या आल्या म्हणाला, "बघू तरी आक्काच्या कुरडया कशा झाल्यात." शिडी चढला आणि धाब्यावर डोकं काढलं.

गेनबानं बघितलं. कुरडयांपाशी कुणीतरी आलं होतं.

"हाऽऽ हुर्रर्र!" गेनबा ओरडला आणि महादूच्या बोटांपाशी काठी आपटली.

"दाजी, मी हाय! महादू!"

"कुणी बी असू दे!" गेनबा म्हणाला आणि पुन्हा काठी आपटली.

महादू शिडीसकट खाली. खाली कडब्याची गंजी होती म्हणून बरं. तिथून उठला तो पायात एकच वहाण घेऊन थेट आपल्या गावाकडे पळाला. गेनबानं त्याला ओढ्यापर्यंत पोचवला. पळवून लावायचं म्हणजे अर्ध्यावर सोडून चालतं का?

संध्याकाळी चांगुणाला कळलं. "अवं, माझा भाऊ त्यो! दारात आलेल्याला पळवत्यात व्हय? आलेल्याला बसायला टाकायचं, पाणी द्यायचं, घ्या घ्या करून खायला घालायचं. लाजत असंल तर आग्रव करायचा!"

"असं व्हय! आधी न्हाय का सांगायचं? आता तसंच करतो."

तिसऱ्या दिवशी काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलंच. चांगुणा चक्कीवरून आली, तर धाब्यावर घोंगडी अंथरलेली. पाण्यानं भरलेला तांब्या. घोंगडीवर चिमण्या, साळुंक्या आणि तीन कावळे. आणि गेनबा हातात कुरडई घेऊन एका कावळ्याच्या मागे मागे फिरतोय. "घ्या की. एवढी एकच. आमच्या हितं आलाय आन् उपाशी जाताय व्हय? चांगुणा काय म्हणंल मला?"

चांगुणा या वेळी ओरडली नाही. ती तिथंच धाब्यावर मटकन खाली बसली आणि पदर डोळ्याला लावून रडायला लागली. "आता हौसा साऱ्या मांडवाला सांगंल. म्हणंल, आत्याबाईच्यानं टोपलीभर कुरडया झाल्या न्हाईत. कुटल्या तोंडानं जाऊ मी माह्यारी?"

बायकोला रडताना बघून गेनबाला राहवेना. मूर्ख होता, पण जीव होता हो तिच्यावर. तो तडक उठला आणि शाळेतल्या मास्तरीणबाईंकडे गेला. म्हणाला, "बाई, पाखरं मारायची न्हाईत, माणसं पळवायची न्हाईत, आन् कुरडया तर वाचल्या पायजेत. काय करू?"

मास्तरीणबाई हसल्या. "अहो गेनबा, सोपं आहे. पाखरांचं ताट वेगळं मांडा. घरात नुसतं पडून असलेलं, वापरात नसलेलं काहीतरी घ्या. एखादा डबा चालेल. त्याला दोन बाजूंनी खिडक्या कापा, कडा आत दुमडा, म्हणजे पाखरांच्या पायाला लागणार नाही. बुडाला बारीक भोकं पाडा, पाणी साचायला नको. बसायला एक काडी आडवी घाला, आत दाणे टाका आणि झाडाला टांगा. पोट भरलं की पाखरं कुरडयांकडे ढुंकूनही बघणार नाहीत."

गेनबाला सगळं पाठ झालं. घरी येऊन तो शोधायला लागला. नुसतं पडून असलेलं. वापरात नसलेलं. तवा? रोज वापरात. घागर? वापरात. मग फळीवर त्याला एक डबा दिसला. स्टीलचा, चकाचक, कागदात गुंडाळलेला. आणल्यापासून कुणी हात लावलेला नव्हता. रखमीच्या आहेराचा डबा तो. त्यावर चांगुणानं दुकानदाराकडून नाव घालून घेतलं होतं, "चि. रखमीस आत्याकडून सप्रेम भेट."

गेनबानं छिन्नी घेतली आणि ठाकठूक सुरू केली. काम मात्र सुरेख केलं. कडा दुमडल्या, भोकं पाडली. दोन्ही खिडक्या नेमक्या नावाच्या ओळीवर आल्या. रखमी गेली, सप्रेम गेलं, भेट गेली. राहिलं फक्त "आत्याकडून".

चांगुणानं डबा बघितला आणि उरलेलं "आत्याकडून" वाचलं. मग एकदम कडाडली. "अवं, आहेराचा डबा फाडला? वापरात नसलेलं म्हंजी नवं न्हाय! जुनं! गंजलेलं! कोपऱ्यात पडून असलेलं, ज्याचा कुणाला काय बी उपयोग न्हाय असलं!"

"असं व्हय! आधी न्हाय का सांगायचं? आता तसंच आणतो."

गेनबा बाहेर पडला. समोरच बयाजीतात्यांचं घर. तात्या नव्वदीचे. पडवीच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसलेले. गेनबानं राम राम केला, तसे तात्या सुस्कारा टाकून म्हणाले, "आमचा कसला राम, गेनबा? जुनं खोड. गुडघे गंजले. कोपऱ्यात पडून असतो. काय बी उपयोग न्हाय आता कुणाला."

गेनबा थबकला. त्यानं बोटांवर मोजलं. जुनं. गंजलेलं. कोपऱ्यात पडून असलेलं. उपयोग नाही.

"तात्या," तो म्हणाला, "खरं म्हणताय न्हवं?"

"देवाशपथ," तात्या म्हणाले.

थोड्या वेळानं गावभर आरडाओरडा. गेनबाच्या दारातल्या कडुलिंबाला एक मोठी पाटी टांगलेली, पाटीत बयाजीतात्या. दोन्ही हातांच्या ओंजळीत जोंधळे, मुंडाशाच्या घडीत जोंधळे, आणि बसायला म्हणून कानामागं एक आडवी काडी. चिमण्या बिनघोर मुंडाशावर बसून दाणे टिपत होत्या.

तात्यांची सून लाटणं घेऊन धावत आली. "उतरव आमच्या मामंजींना! कुणी सांगितलं उपयोग न्हाय म्हणून? घराची राखण कोण करतं? पोराला झोका कोण देतं? त्यांच्याबिगर भाकर उतरत न्हाय कुणाला!"

वरून तात्या म्हणाले, "गेनबा, एवढ्यात उतरवू नगंस. बरं बोलतीया. बोलू दे आणखी."

शेवटी चार जणांनी मिळून तात्यांना उतरवलं. चांगुणानं सगळ्यांच्या पाया पडून माफी मागितली. मग नवऱ्याला घरात ओढलं आणि दात ओठ खाऊन म्हणाली, "आता नीट ध्यानात धरा. जुनं म्हंजी माणूस न्हाय. आन् दाणे माणसाच्या हातात ठेवायचे नसत्यात! दाणे डब्यात टाकायचे असत्यात! माणसाच्या हातात दाणे दिसले, तर काढून डब्यात टाका. कळलं?"

"असं व्हय! आधी न्हाय का सांगायचं?"

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा मंडळी. माणसाच्या हातात दाणे दिसले, तर काढून डब्यात. पुढं कामाला येणार आहे.

या वेळी चांगुणा स्वतः समोर बसली आणि तिनं एकेक वस्तू हातात दिली. गोडेतेलाचा जुना डबा. मोडक्या छत्रीची काडी. फाटक्या बाजेचं सुंभ. पाण्यासाठी नारळाची करवंटी. गेनबानं दोन तासांत असा डबा केला, की मास्तरीणबाईंनी पोरांना मुद्दाम आणून दाखवला. टांगताना मात्र चांगुणा चुकून म्हणाली, "मांजराला पोचता येऊ नये असा टांगा." गेनबानं शेजारचं मांजर आणलं आणि प्रत्येक फांदीवर ठेवून बघितलं. मांजर पोचायचं. डबा आणखी वर. मांजरही आणखी वर. शेवटी मांजरानं गेनबाचं नाक ओरबाडलं आणि पळून गेलं. तेव्हा गेनबा म्हणाला, "हां, आता न्हाय पोचत."

पण डबा लागू पडला बरं का! गावातली सगळी पाखरं लिंबावर. डब्याला नुसती रीघ. धाब्याकडे कुणी वळून बघेना. चांगुणानं पुन्हा गहू भिजवले, पुन्हा सोऱ्या दाबला, आणि या वेळी कुरडया वाळल्या त्या खडखडीत. पाटीभर. एकही तुटली नाही. चांगुणानं त्यांच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. त्या रात्री गेनबाला जेवायला शेवयाची खीर होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीला चांगुणा पुढं गेली. जाताना सवयीनं दाण्यांच्या कणगीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली आणि नवऱ्याला बजावलं, "उद्या सकाळी कुरडयांची पाटी घेऊन या. वाटंत एका बी कुरडईला पाखराची चोच लागता कामा नये. आन् पाखरांचा डबा रिकामा ठेवू नगा. सवय झालीया बिचाऱ्यांना."

सकाळी गेनबानं बघितलं, तर डबा रिकामा. कणगीला कुलूप. रिकामा तर ठेवायचा नाही. आता? गेनबानं डोकं चालवलं. डबा झाडावरून सोडला आणि बरोबर घेतला. वाटेत कुठंतरी दाणे मिळतीलच. एका खांद्यावर पाटी, दुसऱ्या हातात डबा, अशी स्वारी मांडवात दाखल झाली.

कुरडया परातीत मांडल्या गेल्या. वरमाय वाकून बघून म्हणाली, "काय हात हाय वो बाईचा!" हौसानं ओठ आवळले. चांगुणाची मान अशी वर झाली, की मांडवाची झालर डोक्याला लागते की काय. बिचारीचे एवढे दिवसांचे कष्ट त्या घटकेला फिटले.

घटका छोटी होती.

मंगलाष्टकं सुरू झाली. महादू ताट घेऊन फिरला आणि सगळ्यांच्या हातावर मूठ मूठ अक्षता ठेवत गेला. कुंकू लावलेले जोंधळे. गेनबा डबा मांडवाच्या मेढीला, म्हणजे खांबाला, टांगून नुकताच वळला होता. त्यानं बघितलं, आणि त्याचे डोळे विस्फारले. माणसाच्या हातात दाणे. एकाच्या नाही, सगळ्यांच्या!

तो लगेच कामाला लागला. "द्या हिकडं. हातात ठेवायचं नसतंय." एकेकाची मूठ उघडायची, दाणे धोतराच्या सोग्यात. लोकांना वाटलं, असेल काहीतरी नवरीकडची रीत. नवरीच्या आत्याचा नवरा, मानाचं माणूस म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? वाजंत्री जोरात, भटजी जोरात, कुणाचं कुणाला ऐकू येईना. बघता बघता डबा शिगोशीग भरला. आणि चिमण्यांना काय, निमंत्रण थोडंच लागतं? मेढीवर थवेच्या थवे येऊन बसले.

शेवटचं कडवं आलं. भटजींनी हात वर केला. सगळ्यांनी हात वर केले. हात रिकामे.

हौसाच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं बया, अक्षता कुटं गेल्या? मुहूर्त टळतोय की! दाजी, पळा! पांढरं, बारीक, मूठभर मिळंल ते आणा आन् वाटा समद्यांना!"

गेनबा पळाला. पांढरं. बारीक. मूठभर. समोर परात. कुरडया पांढऱ्या होत्याच. बारीक तर सुतासारख्या. मूठभर तेवढ्या करायच्या होत्या. दाणे नव्हते, म्हणजे माणसाच्या हातात द्यायलाही हरकत नव्हती. गेनबानं सगळा विचार केला होता, उगाच नावं ठेवू नका.

त्यानं दोन्ही तळव्यांत धरून करकरकर चुरल्या. सगळ्या. आणि मांडवभर वाटल्या.

"शुभमंगल सावधान!"

नवरा-नवरीवर चुऱ्याचा पाऊस पडला. नवरदेवाच्या फेट्यात कुरडया, हारात कुरडया, मुंडावळ्यांत कुरडया. मेढीवरच्या चिमण्यांनी ते बघितलं. जोंधळे खाऊन कंटाळलेल्याच होत्या. शेपूट तुटकी एक चिमणी पुढं झाली, आणि मागून सगळा थवा नवरदेवाच्या फेट्यावर.

चांगुणानं परातीकडे बघितलं. मग फेट्याकडे बघितलं. "अवं!" ती किंचाळली. "माझ्या कुरडया! पाखरं!"

गेनबाच्या अंगात वीज भरली. सांगितलेलं सगळं एकदम डोळ्यांपुढं उभं राहिलं. एकाही कुरडईला चोच लागता कामा नये. कुरडयांपाशी कुणी आलं की ओरडायचं, काठी आपटायची, पळवून लावायचं.

त्यानं मांडवाची एक काठी उपसली.

"हाऽऽ हुर्रर्र!"

काठी नवरदेवाच्या पाटावर आपटली. चिमण्या उडाल्या. नवरदेवही उडाला. तो पुढं, उपरण्याच्या गाठीला बांधलेली रखमी मागं, चिमण्या वर, आणि सगळ्यांच्या मागून गेनबा. गाठ मांडवाच्या दारातच सुटली आणि रखमी तिथंच पोट धरून हसत बसली. नवरदेव थांबला नाही. चिमण्याही थांबल्या नाहीत. गेनबा तर थांबणारच नव्हता.

लग्न लागून गेलं होतं, एवढंच काय ते बरं.

चांगुणा रिकाम्या परातीपाशी बसली. पदर तोंडावर. हौसा तिच्या शेजारी येऊन टेकली. आता ही टोचून बोलणार म्हणून चांगुणानं डोळे मिटून घेतले. हौसानं आपल्याच अंबाड्यातून कुरडईचा एक तुकडा काढला, तोंडात टाकला आणि कुडुम कुडुम चावला.

"वन्सं," ती म्हणाली, "चीक बाकी झ्याक साधला हुता. पुढल्या वर्षी मला बी शिकवा."

आणि दोघी अशा हसल्या, की हसता हसता दोघींच्या डोळ्यांना पाणी.

तेवढ्यात गेनबा परत आला. घामानं निथळत, धोतर फाटलेलं, दम लागलेला. एका हातात काठी. दुसऱ्या हातात नवरदेवाचा फेटा, छातीशी घट्ट धरलेला. त्यानं तो अलगद चांगुणाच्या मांडीवर ठेवला. फेट्याच्या घड्यांत कुरडयांचा चुरा भरलेला होता.

"नवरदेव शिवेपल्याड गेला," तो म्हणाला. "पण चांगुणे, ह्यातल्या एकीला बी चोच लागू दिली न्हाय. घे, मांड रुखवतात."